पाणी आणि वाट : म्हाप्रळ-महाड-भोर-पंढरपूर राज्यमार्गाचा इतिहास

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायचे ठरले तेव्हा संपादक मंडळाने आम्हाला सांगितले, "महाडवर काहीतरी लिहा." आता महाडवर लिहायचे राहिले आहे काय? चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपल्याकडून गाडी निघते. गाडीत बसताना खिडकीच्या जागेवरून भांडणे होतात, माणगाव आले की डबे उघडतात, आणि महाड आले की सगळे एकदम निळ्या झेंड्यांकडे बघू लागतात. पण गाडी ज्या रस्त्यावरून पळते त्या रस्त्याकडे कोण बघतो? रस्ता म्हणजे डांबर आणि खड्डे, एवढेच आपल्याला माहीत. म्हणून आम्ही ठरवले की या खेपेला तळ्याबद्दल न लिहिता रस्त्याबद्दल लिहावे. कारण आपल्या आजे-पणजांना पाणी जसे सुखासुखी मिळाले नाही, तसा रस्ताही मिळालेला नाही.

महाडात एक जुना राज्यमार्ग येऊन मिळतो आणि पुढे घाट चढून देशावर जातो. म्हाप्रळ-महाड-भोर-पंढरपूर असे त्याचे नाव. कागदावर हल्ली त्याचा बराच भाग राष्ट्रीय महामार्गाच्या यादीत गेला आहे, आंबडव्यापासून लोणंदपर्यंत. पण गावची माणसे अजून त्याला पंढरपूर रस्ताच म्हणतात. खालच्या अंगाला रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका. तिथे आंबडवे, म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव. या गावावरूनच त्यांच्या घराण्याला आंबडवेकर हे नाव पडले. शेजारच्या दापोली तालुक्यात वणंद, आपल्या रमाईचे माहेर. तिकडून सावित्रीच्या खाडीवरचे म्हाप्रळ, मग महाड. महाडहून वरंध गाव, तिथून वरंधा घाटाची चढण. घाटमाथ्यावर हा रस्ता कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून पलीकडे उतरतो, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने भोरला येतो. पुढे शिरवळ, लोणंद, फलटण आणि मग वारीच्या रस्त्याने पंढरपूर. एका टोकाला बाबासाहेबांचे मूळ गाव, मध्ये चवदार तळे, दुसऱ्या टोकाला चोखोबांची पायरी. सरकारी नकाशा करणाऱ्याच्या मनात असे काही नसणार. त्याने आपली बंदर ते बाजार अशी रेघ ओढली. पण रेघ पडली ती अशी.

ही वाट फार जुनी आहे. महाड हे खाडीच्या टोकाचे गाव. सावित्री आणि गांधारी या नद्या इथे जवळ येतात. मोठी गलबते खाडीतून दासगावपर्यंत येत, तिथून माल लहान होडीने नाहीतर बैलाच्या पाठीवर महाडच्या पेठेत. मीठ, सुकी मासळी असला कोकणचा माल घाट चढून जाई आणि देशावरचा माल खाली येई. लमाणांचे तांडे, बैल, तट्टे आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे यांनीच अशा घाटवाटा मळल्या. डांबर कालपरवाचे.

या वाटेला दोन्ही अंगाला आपल्या धम्माच्या खुणा आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाडच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरवर मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला डोंगरात गांधारपाले लेणी आहेत, सुमारे २८. आपली गाडी दरवर्षी त्यांच्या पायथ्यावरून जाते. घाट चढून देशावर गेले की नीरेच्या खोऱ्यात शिरवळजवळ पुन्हा लेण्यांचा एक गट आहे, पंधराएक लेणी. ती अगदी साधी, नक्षीकाम नाही की मोठे खांब नाहीत. म्हणजे खाली बंदराजवळ भिक्खूंचा मुक्काम आणि वर मोकळ्या मुलखात भिक्खूंचा मुक्काम, मध्ये घाट. पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ लेण्यांचे असेच आहे. जिथे व्यापाराची वाट तिथे विहार. भिक्खू चारिकेला निघत ते याच वाटांनी, आणि पावसाळ्यात वर्षावासाला थांबत तेही याच वाटांच्या आसऱ्याने. वाटसरू, व्यापारी, गाडीवान या सगळ्यांना तिथे पाणी मिळे, टेकायला जागा मिळे.

गांधारपाल्याच्या लेण्यात एक ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात कानभोज घराण्यातल्या विष्णुपालित नावाच्या कुमाराने काय काय दान केले ते कोरलेले आहे. लेख प्राकृतात असल्यामुळे नाव 'व्हेणुपालित' असे येते. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन बाजूंना दोन पोढ्या आणि लेण्याची वाट. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा 'वाट' या शब्दावर अडलो. लेणे दान करणे समजते, टाके समजते. पण वाट? वाटही दान करायची गोष्ट असते? त्या माणसाला मात्र ती तशी वाटली. पाणी आहे पण तिथवर जायला वाट नाही, तर त्या पाण्याचा उपयोग काय, असा साधा हिशेब त्याने केला असावा. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. चवदार तळ्यापासून तासाभराच्या चालीवर ती दगडात लिहून ठेवलेली आहे, आणि त्याच महाडात पुढे माणसांना तळ्यावर जायची वाट बंद झाली.

मधल्या काळाचा तपशील आम्ही इथे लांबवत नाही. शिवकाळात रायगड जवळ, त्यामुळे या घाटाला महत्त्व होते. वरंध्याच्या कुशीत शिवथरघळ आहे, समर्थ रामदासांमुळे ती प्रसिद्ध आहे. भोर पंत सचिवांचे, पुढे तिथे संस्थान झाले. हे सारे इतर पुस्तकांत भरपूर सापडते. आमचा प्रश्न वेगळा आहे. या वाटेवर आपली माणसे कुठे होती?

आपली माणसे वाटेवरच होती! महाराच्या वतनी कामात वाट हीच मुख्य. गावाची वेस राखायची, आल्या-गेल्यावर नजर ठेवायची, सरकारी टपाल आणि वसूल पोहोचवायचा, साहेब किंवा कामगार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहायचे. वेळ नाही, काळ नाही, मजुरीची बोली नाही. घरातला माणूस आजारी असेल तर बाईने किंवा पोराने जायचे. कोकणातून घाट चढणाऱ्या अधिकाऱ्याची वळकटी काय हवेत उडत गेली असेल? ती कोणाच्या तरी डोक्यावरून गेली. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ कायम केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले ते याचसाठी. पण ही वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर.

म्हणजे गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की वाट राखायला महार, वाट दाखवायला महार, ओझे न्यायला महार, आणि त्याच वाटेवरून चालताना समोरून वरच्या जातीचा माणूस आला तर बाजूला व्हायचे तेही महारानेच. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडके अडकवून रस्त्याने जावे लागे, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये करून दिली आहे. झाडू कशाला, तर पावलांच्या खुणा पुसायला. मडके कशाला, तर थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. रस्त्याने जायचे, पण गेल्याची खूण मागे ठेवायची नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या लहानपणीचा एक प्रवास इथे सांगितलाच पाहिजे. तो या रस्त्यावरचा नाही, पण हा राज्यमार्ग वर ज्या सातारा जिल्ह्यातून जातो त्याच जिल्ह्यातला आहे. साल १९०१. भीमराव नऊ वर्षांचे. वडील सुभेदार रामजी तेव्हा गोरेगावला नोकरीवर होते, दुष्काळी कामाच्या तलावावर. भाऊ आणि भाचे मिळून ही मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, पत्र पोहोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत हे कळल्यावर स्टेशन मास्तर पाच पावले मागे सरला. बैलगाडीवाले कोणी यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. भाडे दुप्पट, आणि गाडी हाकायची पोरांनीच! रात्र झाली, जकातनाक्यावर पोचले. शिदोरी बरोबर होती, पण पाणी नव्हते. गाडीवानाच्या सल्ल्याने भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागून पाहिले, तरी नाकेदाराने दिले नाही. भरल्या डब्यापुढे सगळी तशीच उपाशी झोपली.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो पाण्याचा प्रसंग म्हणून सांगतो. आम्हाला वाटते तो तितकाच रस्त्याचा आहे. सरकारी रस्ता, सरकारी नाका, पैसे खिशात, आणि गाडी मिळत नाही. पुढे १९२९ साली बाबासाहेब विलायतेहून शिकून आलेले बॅरिस्टर, कौन्सिलचे सभासद. तरी चाळीसगावात टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. नवख्या माणसाने टांगा हाकला आणि बाबासाहेब पुलावर टांग्यातून फेकले जाऊन चांगलेच जखमी झाले.

आता महाडकडे वळू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्ट-कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असताना महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ साली त्यानुसार तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव झाला, तळ्याकडे जायची मात्र कोणाची छाती झाली नाही. ठरावाची यादी नीट वाचा. त्यात पाणवठे आहेत, धर्मशाळा आहेत. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत. आणि हा ठराव ब्रिटिश मुलखापुरता. वरंधा घाट चढून भोर संस्थानात पाय ठेवला की मुंबई कौन्सिलचा ठराव लागू नाही. एकाच वाटेवर चढणीला एक कायदा, उतरणीला दुसरा.

१९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. परिषद घ्यावी म्हणून बाबासाहेबांच्या मागे लागलेल्या तरुणांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे होते. अनंतराव चित्रे, टिपणीस ही सवर्णांतली मंडळीही बरोबर होती. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसे आली. बहुतेक सगळी पायी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, फडक्यात भाकरी. त्यात फलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर होते, कारण दापोली-महाडचा हा पट्टा म्हणजे जुन्या महार सैनिकांचा पट्टा. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी सगळे रांगेने बाजारपेठेतून तळ्यावर गेले. बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, मग सगळे प्याले.

तळ्यावरचा तो क्षण आपण चित्रात, नाटकात, भीमगीतात नेहमी पाहतो-ऐकतो. त्यानंतरच्या काही तासांबद्दल कमी बोलले जाते. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. जमाव मंडपावर चालून आला, जेवायला बसलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले. आणि मग रस्ते. परिषदेहून गावाकडे परतणारी माणसे दोन-दोन, चार-चार अशी वाटेने निघाली होती. गावोगावी निरोप गेले की ही माणसे येतील तेव्हा त्यांना धडा शिकवा. तळ्यावर हजारोंच्या रांगेत होते तेव्हा कोणी हात लावला नाही. वाटेवर एकट्या-दुकट्याला गाठले. आमचे म्हणणे असे की चवदार तळ्याचे पाणी प्यायला जेवढे धैर्य लागले, त्यापेक्षा ते पिऊन घरी चालत जायला जास्त लागले. ही माणसे कोण, त्यांची नावे काय, हे बहुतेकांचे कुठे लिहिलेले नाही.

म्युनिसिपालिटीने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद जाहीर केली. आता मुंबईच्या माणसांनी महाडला जायचे कसे? त्या काळी मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने पेण, माणगाव करत महाड. पण या मार्गावरच्या मोटारवाल्यांनी सत्याग्रहींना न्यायचेच नाही असे ठरवल्याचे कळले. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचा नाही असे ठरवले, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. मंडपाला हिंदूंची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली.

मोटारी बंद, म्हणून समुद्र. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. २५ तारखेला खाडीतून दासगाव बंदरावर उतरले. तिथे हजारो लोक वाट पाहत होते. दासगाव ते महाड पाच मैल. मिरवणुकीने, घोषणा देत, शिस्तीत सगळे महाडकडे पायी निघाले. हा पाच मैलांचा तुकडा आज मुंबई-गोवा महामार्गाचा आहे. महाडात तो आणि आपला पंढरपूर रस्ता एकमेकांना मिळतात. या पाच मैलांवर, महाड जवळ येते तिथे, डाव्या हाताला गांधारपाले लेणी आहेत. वर दोन पोढ्या आणि वाट दान केल्याचा शिलालेख, खालून वाटेची आणि पाण्याची मागणी घेऊन चाललेली माणसे. त्या गर्दीत किती जणांना वरच्या लेण्यांत काय लिहिले आहे ते माहीत असेल? बहुधा कोणालाच नाही. पण म्हणून ते तिथे नव्हते असे नाही.

त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायला कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता, म्हणून कोर्टाचा मान राखून बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम पुढे ढकलला. २७ तारखेला तळ्याभोवती मिरवणूक मात्र निघाली. तळे खाजगी नाही हे मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला सांगितले. ओंजळभर पाण्याला कायद्याची मोहोर लागायला दहा वर्षे गेली.

आता याच राज्यमार्गाने घाट चढून दुसऱ्या टोकाला जाऊ. पंढरपूर. या वाटेने शतकानुशतके वारकरी गेले, त्यांत आपलीही माणसे होती. चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत अंगावर कोसळून झाला, समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर. जिवंतपणी आत प्रवेश नाही आणि मेल्यावर पायरीशी जागा. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले तेव्हा ते देऊळ अस्पृश्यांना खुले झाले. तोवर बाबासाहेबांची येवल्याची घोषणा होऊन बारा वर्षे लोटली होती आणि आपल्या समाजाचे तोंड देवळाच्या दारापासून फिरले होते. पंढरपुरातली आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. गाडगेबाबांनी वर्गणी गोळा करून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, कारण अस्पृश्य वारकऱ्याला चंद्रभागेच्या वाळवंटाशिवाय टेकायला जागा नव्हती. ती धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या वसतिगृहासाठी. वाटेच्या शेवटी देवळाऐवजी मुलांना शिकायला जागा मिळाली. आम्हाला तर हे त्या कुमाराच्या दानासारखेच वाटते.

रस्ता खऱ्या अर्थाने बदलला तो दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे एसटी. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी पहिली सरकारी गाडी सुटली, आणि मग लाल गाडी हळूहळू गावोगावी गेली. त्याच साली भोर संस्थानही विलीन झाले, घाटाच्या दोन्ही अंगांना एकच कायदा आला. खाजगी मोटारवाला म्हणू शकत होता की मी नेत नाही. सरकारी कंडक्टर तिकीट फाडतो, जात विचारत नाही. एकदम सगळे बदलले असे नाही. शेजारी कोण बसला हे बघून उठणारी माणसे पुढेही भेटत होती. पण ज्याला उठायचे त्याने उठावे, आपण बसलेलो! जुनी माणसे एसटीला 'आपली गाडी' म्हणतात त्याच्या मागे फक्त माया नाही.

दुसरी गोष्ट संविधान. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाचे १५ वे कलम आपल्या घरातल्या प्रतीत काढून बघा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते हे सगळे एकत्र येते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून यांच्या वापराला कोणी अडवू शकत नाही. १९२३ च्या ठरावात रस्ते नव्हते, १९५० च्या कलमात तलावाच्या पंक्तीला रस्ते बसले. ते शब्द नेमके कोणाच्या सूचनेने आले हा घटना समितीच्या अभ्यासकांचा विषय आहे, आम्ही तो दावा करत नाही. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांनी मसूरच्या गाडीवानाला दुप्पट भाडे दिले होते आणि दासगावला बोटीने उतरले होते, एवढे आपण विसरू नये. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात सार्वजनिक वाहनातून प्रवास करू न देणे हा गुन्हा ठरला. १९२७ च्या मोटारवाल्यांना हा कायदा असता तर महाडची मंडळी समुद्राने कशाला गेली असती?

आज हा रस्ता रुंद होतो आहे, कुठे सिमेंटचा झाला आहे, कुठे अजून खणूनच ठेवला आहे. वरंधा घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत महाड शहर पुरात बुडाले आणि घाटरस्ताही ठिकठिकाणी खचला. तेव्हापासून पावसात हा घाट वाहतुकीला बंद ठेवतात. ज्यांना महाडहून भोरला जाऊन शिरवळची लेणी बघायची असतील त्यांनी दिवाळीनंतरच बेत करावा, आणि निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्यावे.

येत्या २० मार्चच्या सहलीबद्दल आम्ही विहार कमिटीला एक विनंती केली आहे. जाताना गाडी गांधारपाल्याच्या पायथ्याशी तासभर थांबवावी. पायऱ्यांची चढण आहे, पण म्हाताऱ्यांनाही हळूहळू जमेल. पहिल्या मोठ्या लेण्यात बुद्धमूर्ती आहे, तिथे वंदना घेता येईल. पोढ्या शोधून काढायचे काम पोरांवर सोपवू. वरून खाली बघितले की दासगावकडून येणारा रस्ता आणि महाडकडे वाहणारी गांधारी दिसते.

आणि दुसरी विनंती घराघरातल्या वडीलधाऱ्यांना. आपल्या वस्तीत महाड, पोलादपूर, मंडणगड, दापोली, भोर इकडची बरीच कुटुंबे आहेत. तुमच्या आज्याने, पणज्याने, आजीने १९२७ साली महाडला चालत गेल्याचे किंवा तिथून परतताना काय झाले ते कधी सांगितले असेल, तर दर रविवारी वंदनेनंतर आम्ही वही घेऊन विहारात बसतो. नाव, गाव, कोणत्या वाटेने गेले, वाटेत कुठे थांबले, पाणी कोणी दिले, कोणी नाही दिले, जेवढे आठवेल तेवढे सांगा. अर्धवट आठवत असले तरी या.